जीप निघण्याआधीची पंधरा मिनिटं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्रिटनमध्ये पोलिसांच्या गाडीत मानसोपचाराची नर्स सोबत जाते आणि त्यामुळे मनोरुग्णांना उचलून आणण्याचं प्रमाण कमी झालं, असं तुमच्या वाचनात आलं. तुम्ही बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचे प्रभारी आहात. रात्री हाताशी एक गाडी, एक ठाणे अंमलदार आणि दोन-तीन शिपाई. मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी. इथं तसं काही जमेल का, की दोरीने बांधून येरवड्याच्या मनोरुग्णालयाची वाट धरायची तेच चालू ठेवायचं?

जमेल. मी २२ वर्षं मराठवाड्यात मानसोपचार समाजसेवक म्हणून काम करते, त्यातली बरीचशी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात गेली. पण सुरुवात गाडीपासून करू नका. सुरुवात ठाण्यातल्या फोनपासून करा.

ब्रिटनचं आधी सांगते, कारण त्यातलं नेमकं काय उचलायचं हे कळायला हवं. तिथल्या १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १३६ आहे. सार्वजनिक जागी कुणी मानसिक आजाराने हैराण दिसला आणि त्याला तातडीने सांभाळायची गरज वाटली, तर पोलीस त्याला 'सुरक्षित जागी' नेऊ शकतात. ही सुरक्षित जागा पुष्कळदा पोलीस कोठडीच निघायची. म्हणून २०१२-१३ च्या सुमारास क्लीव्हलँड आणि लेस्टरशायर इथे नर्स आणि पोलीस एकत्र जायला लागले, मग इतर भागांतही हे सुरू झालं. ईशान्य इंग्लंडमधल्या एका अभ्यासात पहिल्याच वर्षी या कलमाखाली आणलेल्या माणसांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. २०१७ मध्ये कायदाच बदलला: कलम वापरण्याआधी शक्य असेल तिथे पोलिसांनी आरोग्य खात्यातल्या जाणकाराला विचारायचं, माणूस ठेवून घ्यायची मुदत ७२ तासांवरून २४ वर आणायची, आणि १८ वर्षांखालच्या मुलाला ठाण्यात ठेवायचंच नाही.

आता यात काम कशाने केलं? माझ्या मते गाडीने नाही. त्या नर्सला रुग्णाची आधीची नोंद बघता यायची, त्याने केलं. हा आपल्याकडचाच पेशंट आहे, याची औषधं थांबलीत, याची बहीण पलीकडच्या गल्लीत राहते, हे तिला हातकड्या निघण्याआधी कळायचं. काही ठिकाणी तर ती गाडीत नव्हतीच, नियंत्रण कक्षात बसून फोनवर सांगायची, तरी उपयोग झाला. धरायचं की नाही हे पहिल्या पंधरा मिनिटांत ठरतं, आणि त्या पंधरा मिनिटांत आजार ओळखणारं माणूस हजर हवं. ते जवळ बसलेलं असो की फोनवर. हे तुम्हाला बीडमध्ये करता येतं. त्याला वेगळा निधी लागत नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे, आणि खेदाची गोष्ट म्हणजे तो ठाण्यांपर्यंत नीट पोचलेला नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १०० ठाणे प्रभारींसाठीच लिहिलंय. मानसिक आजारामुळे स्वतःला सांभाळू न शकणारा माणूस भटकताना आढळला, किंवा आजारामुळे त्याच्यापासून त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका वाटला, तर त्याला संरक्षणात घ्यायचं. 'ताब्यात' नाही, 'संरक्षणात'. स्टेशन डायरीत हाच शब्द लिहायची सवय लावा. एका हवालदाराने मला सांगितलं होतं, "मॅडम, ताब्यात लिहिलं की हात आपोआप कॉलरकडं जातो." मला ते पटलं. का घेतोय ते त्या माणसाला सांगायचं. त्याला समजण्याची अवस्था नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीने ठरवणाऱ्या माणसाला सांगायचं. २४ तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. आणि लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही, असे शब्द कायद्यात आहेत. म्हणजे 'रातच्याला कुठं नेता, आजच्या रात बसवा कोठडीत, सकाळी बघू' हे बेकायदा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १७० म्हणजे जुनं १५१, प्रतिबंधक अटकेचं कलम, लावून, किंवा महाराष्ट्र पोलीस कायद्याचं (पूर्वीचा मुंबई पोलीस कायदा) ११०-११७, म्हणजे सार्वजनिक जागी गैरवर्तन दाखवून रात्र काढणं, हे तेच काम दुसऱ्या दाराने करणं झालं.

यातला 'जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत' हा तुकडा पुन्हा वाचा. मनोरुग्णालय म्हटलेलं नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं मराठवाड्याबाहेर आहेत. लातूरहून येरवडा सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, नांदेडहून तर त्याहून कितीतरी लांब. एक गाडी आणि दोन माणसं दोन दिवस त्यात जातात, ठाणं उघडं पडतं, आणि तो बिचारा हातपाय बांधलेला, लघवीला न सोडलेला, पुण्यात उतरतो तेव्हा त्याला पोलीस, दवाखाना आणि नातेवाईक या तिघांचीही दहशत बसलेली असते. पुढच्या वेळी तो औषध घेईल कशाला? हे सगळं टाळून तुमच्या तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय चालतं. कलम ९४ खाली कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार ७२ तासांपर्यंत देऊ शकतो, त्याला मानसोपचारतज्ज्ञ असावं लागत नाही. पुढे गरज पडली तर अंबाजोगाई, लातूर, नांदेडची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, संभाजीनगरला घाटी रुग्णालय आहे. 'आधी कोर्टाची ऑर्डर आणा' हे १९८७ च्या जुन्या कायद्याचं उरलेलं पालुपद आहे. न्यायाधीशांकडे जाण्याचा मार्ग आजही आहे, पण प्रत्येक माणूस त्याच मार्गाने न्यायचा नाही.

ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर सुरुवातीला नाही म्हणतील. 'मेंटल केस आमच्याकडे नसते, सिव्हिलला न्या.' त्यांचा राग धरू नका. बहुतेकांनी शिकताना मानसोपचार विभागात मोजके दिवस काढलेले असतात आणि रात्री वॉर्डात एक सिस्टर असते. त्यांच्याकडे मध्यरात्री यादी (ठाण्याचं लेखी पत्र) घेऊन पहिल्यांदा जाऊ नका. दिवसा जा, चहा घ्या, जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोनवर घ्या, आणि तीन गोष्टी ठरवा: शांत करायचं कोणतं इंजेक्शन तिथं शिल्लक असतं, रात्री कोणत्या नंबरवर विचारायचं, आणि पोलीस किती वेळ थांबणार. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माणूस सोडून पोलीस निघून जातात हा त्यांचा जुना अनुभव आहे. तुम्ही एक शिपाई दोन तास ठेवायचं कबूल केलंत की निम्मा विरोध गळतो.

आता फोनवर काय होतं ते सांगते. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, मांजरा काठचं एक गाव, रात्रीचे साडेनऊ. भाऊबंदांनी ११२ ला फोन केला होता की पोरगं वेडं झालंय, पत्र्यावर चढून दगडं मारतंय, हातात कोयता आहे, उचलून न्या. हवालदारांनी गाडीत बसायच्या आधी मला फोन लावला, कारण आमचं तसं ठरलेलं होतं. मी विचारलं: नाव काय, कधीपासून असं चाललंय, आधी कुठं औषध चालू होतं का, आज दारू प्यालाय का, ताप आहे का, डोक्याला मार लागलाय का, घरात लहान लेकरू आहे का, आणि तो कुणाचं ऐकतो. हा शेवटचा प्रश्न पोलीस कधीच विचारत नाहीत. नाव माझ्या रजिस्टरमध्ये सापडलं. दर महिन्याला घ्यायचं इंजेक्शन, दोन पाळ्या चुकलेल्या. नवरा-बायको ऊसतोडीला गेले होते, तिथं ते मिळालं नाही आणि तो नुकताच एकटा परत आला होता. ऐकतो कुणाचं, तर मावशीचं.

हवालदारांनी गाडी गावाबाहेर मारुतीच्या देवळापाशी लावली, दिवा बंद केला. आधी भाऊबंद आणि पोरासोरांची गर्दी हलवली, मोबाईलवर शूटिंग करणाऱ्या दोघांना गल्लीच्या टोकाला उभं केलं. मग टोपी काढून घराच्या ओट्यावर बसले आणि वर बघून म्हणाले, "मी काही धरायला नाही आलो. लांबून आलोय, तहान लागलीय. पाणी मिळंल का?" काही वेळ वरून दगड आले नाहीत. मग वरूनच तो ओरडला, "मावशे, त्यांला पाणी दे." त्याच्या घरी आलेल्या माणसाला त्याने पाणी द्यायला लावलं, आणि तिथून सूर बदलला. खाली यायला अजून पाऊण तास गेला. कोयता त्याने पोलिसाकडे नाही, मावशीकडे दिला. हवालदारांनी तो मागितलाही नव्हता, मीच तसं सांगितलं होतं. मावशी आणि तो गावातल्याच एका जीपमध्ये बसले, पोलिसांची गाडी मागून. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी आमच्या तज्ज्ञांशी बोलून इंजेक्शन दिलं, दोन दिवस ठेवलं. डायरीत चार ओळींची नोंद झाली. कोठडी नाही, येरवडा नाही, गावात मिरवणूक नाही.

बोलण्याबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण इथंच जास्त चुका होतात. 'कानात आवाज येतात' असं तो म्हणाला तर 'काही येत नाहीत' म्हणू नका, आणि समजूत काढायला 'मलाही येतात' असंही म्हणू नका. 'तुला लई त्रास होतोय, दिसतंय मला' एवढं पुरतं. आणि खोटं बोलू नका. 'चल, चहा पिऊन येऊ' म्हणून दवाखान्यात नेलेला माणूस तो चहा दहा वर्षं विसरत नाही. मी अशी माणसं पाहिली आहेत जी आजही खाकी रंग दिसला की घराच्या मागच्या दाराने पळतात, आणि त्यामागे असा एखादा चहा असतो.

ऊसतोडीचं मुद्दाम सांगितलं, कारण तुमच्या भागात फोन कधी वाढतील याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. दिवाळीच्या आगेमागे उचल (आगाऊ पैसे) घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात, पाच-सहा महिने बाहेर असतात. जाताना औषध महिन्याभराचं असतं. फडावर पहाटेपासून राबताना गोळीने झोप येते म्हणून मुकादमाच्या भीतीने गोळी बंद होते. होळी-पाडव्याच्या सुमारास टोळ्या परततात तेव्हा आजार उफाळलेला असतो. आता आम्ही गावं रिकामी होण्याआधी आशाताईंकडून नावं घेतो, जमेल तेवढं जास्तीचं औषध देतो आणि पाडव्याआधी परत घरोघरी जातो. यात पोलिसांनी करायचं काहीच नसतं, पण धरपकड कमी होण्यात या फेरीचा वाटा कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा मोठा आहे, हे माझं ठाम मत आहे.

एक प्रसंग मला अजून सलतो. आषाढीच्या आधी एका पन्नाशीच्या माणसाने माळ घातली आणि दारू एका दिवसात सोडली. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घामाने अंग भिजलं, भिंतीवर किडे दिसायला लागले, रात्री तो शेजाऱ्याच्या घरात शिरला. लोकांनी वेडा म्हणून आणून दिला. त्याला उपरण्याने बाकाला बांधून रात्रभर बसवलं. सकाळी त्याला झटके आले. तो वाचला, पण थोडक्यात. मला फोन सकाळी आला. हा वेडाचा झटका नव्हता. नेहमी पिणाऱ्याची दारू एकाएकी सुटली की दोन-तीन दिवसांत असं होतं, आणि वेळेवर उपचार नाही झाले तर माणूस जातो. म्हणून तुमच्या माणसांना एवढं पाठ करून घ्या: आधी ठीक असलेला माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागला, दिवस की रात्र कळेना, ताप आहे, डोक्याला मार आहे, साखरेचं औषध चालू आहे, नुकतीच बाळंत झालेली बाई आहे, किंवा दारू नुकतीच सुटली आहे, तर १०८ बोलवा, ठाण्यात आणूच नका. अशा वेळी माझा फोनसुद्धा नंतर करा.

रेल्वे स्टेशनवर उतरलेल्या माणसांचा प्रश्न वेगळा आहे. परळी, परभणी, पूर्णा, नांदेड या स्टेशनांवर गाड्या लांबून येतात. कुणी तेलुगू बोलतो, कुणी पंजाबी, कुणी काहीच बोलत नाही. अशा बेघर माणसासाठी कायद्याने मिसिंगची नोंद करून घरचे शोधायची जबाबदारी ठाण्यावर टाकली आहे. पुष्कळांना वाटतं की हा शोध कधी लागत नाही. लागतो. कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनने रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्याचं काम १९८८ पासून चालवलंय, त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या अनुभवातून आम्ही एक शिकलो: पहिल्या दिवशी पत्ता विचारत बसायचं नाही. दोन-तीन आठवडे औषध, अंघोळ, जेवण झालं की माणूस स्वतःच गावाचं नाव सांगायला लागतो. तोवर तुमची नोंद फोटोसह तयार हवी. मागे एका स्टेशनवरून आणलेल्या बाईने विसाव्या दिवशी भाकरी थापता थापता गावातल्या ओढ्याचं नाव घेतलं, आणि त्यावरून घर सापडलं.

आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल. आपल्या भागात कीटकनाशकाची बाटली घरोघरी असते, त्यामुळे ही वेळ तुमच्यावर येणारच. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं दंड संहितेचं जुनं ३०९ डोक्यातून काढा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते नाही. सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचं २२६ तेवढं आहे. त्याआधीच २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायला सांगितलंय. तेव्हा दवाखान्यात जबाब घेताना 'का केलंस' हा पहिला प्रश्न नको. घरात उरलेली बाटली कुठे आहे, ती कोण उचलणार, आणि आज रात्री सोबत कोण झोपणार, हे विचारा. रात्री कुणी बोलायला हवं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तो भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, कर्मचाऱ्यांसाठी सुद्धा. बंदोबस्तावरून दोन दोन दिवस घरी न गेलेल्या शिपायांनाही त्याची गरज पडते, आणि ते कुणाला सांगत नाहीत.

माझ्या रजिस्टरमधली नावं मी तुम्हाला देणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगते. गोपनीयता हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे. तुम्ही एका माणसासाठी, एका प्रसंगात विचाराल तेव्हा धोका टाळायला लागेल तेवढं मी सांगेन. 'गावातल्या वेड्यांची यादी' ठाण्यात लागली की पुढच्या चोरीत पहिला संशय त्यांच्यावर जातो, आणि लोक आमच्या शिबिराला यायचं बंद करतात. तसंच, गोळी घेत नाही म्हणून पोलीस दारात पाठवा अशी विनंती घरचे करतील, भावकीच्या वादात 'याच्या डोक्यावर परिणाम झालाय' अशी तक्रारही येईल, बहुधा जमिनीच्या वाटणीच्या आधी. दोन्ही वेळा जाऊ नका, आम्हाला कळवा. उलट एखाद्याला गोठ्यात साखळीने बांधून ठेवल्याचं कळलं, तर मात्र जा. साखळदंड कायद्याने पूर्ण बंद आहेत, आणि घरात छळ किंवा आबाळ होत असेल तर कलम १०१ खाली न्यायाधीशांना कळवणं तुमचं काम आहे. जाताना आम्हाला सोबत घ्या, कारण त्या घरातली म्हातारी आई बहुतेक वेळा दुष्ट नसते, थकलेली असते. साखळी सुटल्यावर रात्री काय करायचं हे तिला कुणीतरी सांगावं लागतं.

ब्रिटनमध्ये आता वाद पुढे गेलाय. हंबरसाइडच्या पोलिसांनी २०२० मध्ये ठरवलं की जिथं गुन्हा नाही आणि जिवाला तातडीचा धोका नाही, तिथं पोलीस जाणार नाहीत, आरोग्यवाले जातील. जुलै २०२३ मध्ये देशपातळीवर तसा करार झाला. ऐकायला बरं वाटतं, पण आपल्याकडे तालुक्यात रात्री ११२ शिवाय दुसरं कुणी येत नाही. तुम्ही गेला नाहीत तर भावकी जाते, काठ्या घेऊन. म्हणून मला तुम्ही हवे आहात.

तेव्हा पहिलं काम एवढंच करा. जिल्हा शासकीय रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाची खोली असते, तिथल्या समाजसेवकाचा आणि तज्ज्ञांचा नंबर घ्या, आणि तुमच्या पुढच्या मासिक बैठकीत आम्हाला दोन तास द्या. बीट अंमलदार आणि पोलीस पाटील आले तर उत्तमच, पण रात्रपाळीची माणसं हवीतच. ती झोपमोड करून आली तर त्यांना दुसऱ्या दिवशी सुटी द्या, कारण रात्री साडेनऊचा फोन तीच उचलतात.